३१ तारखेच्या खेपा गेल्या कुठं? एसक्यूएलमध्ये तारीख-वेळेची रेंज

काट्यावरचा | ४ जानेवारी २०२५, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मूळ प्रोग्रॅम दुसऱ्यांनी लिहिलाय, यंदाच्या हंगामापासून रिपोर्ट आणि पंधरवड्याची बिलं माझ्याकडं आली.

काल १६ ते ३१ डिसेंबरची बिलाची यादी लागली. आज सकाळी एक आप्पा पावत्या घेऊन आले. ३१ तारखेला त्यांच्या दोन खेपा आल्यात, पावत्या हातात आहेत, यादीत दोन्ही नाहीत. आधी वाटलं कोड चुकला असेल. दुपारपर्यंत आणखी सहा जण आले, सगळ्यांच्या खेपा ३१ च्याच. टेबलात बघितलं तर नोंदी आहेत, वजनं बरोबर आहेत. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अशी आहे (कीवर्ड आणि आकडे इथं देवनागरीत लिहितो, चालवताना नेहमीसारखे टाका):

सिलेक्ट पावती_क्र, शेतकरी_कोड, निव्वळ_वजन
फ्रॉम वजन_नोंदी
व्हेअर काटा_वेळ बिटवीन '२०२४-१२-१६' अँड '२०२४-१२-३१'

डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर आहे, काटा_वेळ हा डेटटाइम कॉलम. बिटवीनमध्ये दोन्ही टोकं धरली जातात असंच शिकलोय. मग ३१ का गळतेय? सोमवारी बँकेत यादी जायची आहे, त्याआधी दुरुस्त व्हायला पाहिजे.

---

विट्याची_लेक | ४ जानेवारी, रात्री १०:३१

बिटवीन दोन्ही टोकं धरतं हे बरोबरच आहे. फक्त तुमचं दुसरं टोक तुम्हाला वाटतंय तिथं नाही.

कॉलममध्ये तारीख आणि वेळ दोन्ही आहे, तुम्ही दिलीय नुसती तारीख. वेळ दिली नाही की सर्व्हर मध्यरात्रीचे ००:०० धरतो. म्हणजे तुमच्या क्वेरीचा अर्थ १६ डिसेंबर ००:०० पासून ३१ डिसेंबर ००:०० पर्यंत असा झाला. ३१ तारीख सुरू होते त्या क्षणाला तुमची रेंज संपते. बरोबर त्या ठोक्याला एखादं वजन झालं असेल तर तेवढं येईल. त्यानंतरचा अख्खा दिवस बाहेर.

असं लिहा:

व्हेअर काटा_वेळ >= '२०२४१२१६'
अँड काटा_वेळ < '२०२५०१०१'

सुरुवात धरून, शेवट सोडून. पंधरवडा १ जानेवारी सुरू व्हायच्या आधी संपतो, तेच क्वेरीत लिहायचं. याला हाफ-ओपन रेंज म्हणतात. महिना २८ चा की ३१ चा हे मग बघावं लागत नाही, पुढच्या महिन्याची १ तारीख कायम १ च असते.

तारखेतल्या आडव्या रेषा मी मुद्दाम काढल्यात. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम प्रकारात '२०२४-१२-०१' कसं वाचायचं ते लॉगिनच्या भाषेवर ठरतं. लॉगिन ब्रिटिश इंग्रजीवर असेल तर तो ते १२ जानेवारी म्हणून वाचतो, आणि '२०२४-१२-१६' ला सोळावा महिना नसल्यामुळे एरर देतो. सलग आठ आकडे लिहिले की भाषा कुठलीही असो, अर्थ एकच.

एक विचारते. गेल्या वर्षी हे का झालं नाही?

---

काट्यावरचा | ४ जानेवारी, रात्री १०:४८

ताई, लगेच चालवून बघितलं. ३१ च्या खेपा आल्या. खूप आभार.

गेल्या वर्षीपर्यंत कॉलम नुसत्या डेट प्रकारचा होता, वेळ वेगळ्या कॉलममध्ये अक्षरांत. यंदा काट्याला नवं सॉफ्टवेअर बसलं, त्यात दोन्ही एकत्र करून डेटटाइम केला. रिपोर्टच्या क्वेऱ्या जुन्याच ठेवल्या. म्हणजे तेव्हा बरोबर होती तीच क्वेरी आता चुकीची झाली.

---

रोजकीर्द | ४ जानेवारी, रात्री ११:२०

मी सहकारी संस्थांच्या हिशोब विभागात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. संगणकाचं मला बेताचंच कळतं. पण हे वाचून राहवलं नाही.

यंदा कॉलम बदलला असेल तर ही चूक फक्त याच पंधरवड्यात कशी असेल? १ ते १५ डिसेंबरच्या बिलात १५ तारीख गेली असणार. त्याआधीच्या बिलात ३० नोव्हेंबर. ते आधी तपासा.

आणि पंधरवड्याच्या बिलाची बेरीज रोजच्या गाळपाच्या बेरजेशी कुणी जुळवली नाही का? आमच्या वेळी ती जुळल्याशिवाय बिलावर सही होत नव्हती.

---

अजिंक्यतारा | ४ जानेवारी, रात्री ११:३४

मी साताऱ्यात शिकतो, शेवटचं वर्ष. आम्हाला कॉलेजात बिटवीन ठेवून शेवटाला वेळ जोडायला शिकवलंय:

बिटवीन '२०२४१२१६ ००:००:००' अँड '२०२४१२३१ २३:५९:५९'

वाचायलाही सोपं जातं, कारण ३१ तारीख डोळ्यांना दिसते. यात काही वाईट आहे का?

---

विट्याची_लेक | ५ जानेवारी, सकाळी ७:५५

अजिंक्यतारा, प्रश्न चांगला आहे, कारण हेच निम्म्या ठिकाणी चालू असतं.

२३:५९:५९ आणि ००:०० यांच्या मध्ये एक पूर्ण सेकंद उरतो. काट्याचं यंत्र सेकंदाचे अंशही पाठवत असेल तर २३:५९:५९.४ ला झालेलं वजन या पंधरवड्यातही नाही आणि पुढच्यातही नाही.

मग लोक पुढं जाऊन २३:५९:५९.९९९ लिहितात. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम सेकंदाचा हजारावा भाग जसाच्या तसा ठेवू शकत नाही. त्याच्या पायऱ्या .०००, .००३, .००७ अशा आहेत. .९९९ त्यात बसत नाही, तो वर ढकलला जातो आणि होतो १ जानेवारी ००:००:००.०००. आता १ तारखेच्या ठोक्याला झालेली खेप या बिलात येते आणि पुढचं बिल ००:०० पासून सुरू होत असल्यामुळे त्यातही येते. आधी पैसे गाळले, आता दोनदा दिले.

स्मॉलडेटटाइम तर मिनिटापर्यंतच जातो, त्यात २३:५९:५९ सुद्धा दुसऱ्या दिवसाचे ००:०० होतं. डेटटाइम२ शंभर नॅनोसेकंदांपर्यंत जातो, त्यात तुमचा .९९९ ही अपुरा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सेकंदाचे अंश ५.६.४ पासून आले, पण ते मागितले तरच ठेवतो. साध्या डेटटाइम कॉलममध्ये २३:५९:५९.६ घातलं की राउंड होऊन दुसरा दिवस उजाडतो.

म्हणजे दिवसाचा शेवटचा क्षण कुठला, याचं उत्तर कॉलमच्या प्रकाराप्रमाणे बदलतं. दिवसाचा पहिला क्षण सगळीकडं एकच, ००:००. जे ठाम आहे त्याच्यावर टेकायचं. शेवट लिहूच नका, पुढच्याची सुरुवात लिहा.

३१ तारीख दिसायला हवी हे मात्र खरं. ती पडद्यावर दिसू द्या. माणूस "पर्यंत: ३१/१२/२०२४" निवडेल आणि त्याच्या मनात ३१ धरूनच असेल. प्रोग्रॅमनं आत एक दिवस वाढवायचा: काटा_वेळ < डेटॲड(डे, १, @पर्यंत). वापरणाऱ्याला एक तारीख पुढची टाकायला सांगू नका. सांगितलं तर कुणीतरी एक दिवस विसरेल.

---

काट्यावरचा | ५ जानेवारी, दुपारी १:१०

रोजकीर्द काका, तुमचा शब्द खरा ठरला. सकाळपासून तेच करतोय.

३० नोव्हेंबर, १५ डिसेंबर, ३१ डिसेंबर. तिन्ही दिवस पूर्ण गळालेत, मिळून ८६४ पावत्या. ३१ ची यादी अजून बँकेत गेलेली नाही, पण आधीची दोन बिलं जमा झालीत.

बेरीज का जुळवली नाही तेही विचारलं. पूर्वी काट्यावर हाताची वही होती आणि गट कार्यालयाचे कारकून तीवरून बेरीज जुळवायचे. नवं सॉफ्टवेअर आल्यावर वही बंद केली. रोजचं गाळप वेगळ्या रिपोर्टमध्ये येतं, बिल वेगळ्या. दोन्ही एकाच टेबलातून येतात म्हटल्यावर जुळणारच असं सगळ्यांनी धरलं. मीही.

डिसेंबरात दोघे-तिघे खिडकीवर येऊन गेले होते म्हणे. त्यांना "पुढच्या बिलात येईल" असं सांगून परत पाठवलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण त्यांची खेप पुढच्याही बिलात येणार नव्हती. हे ऐकल्यापासून जेवण गेलं नाही.

आता पुरवणी बिल काढायचं. सुटलेल्या तीन तारखा घेऊन नवी क्वेरी मारू का?

---

रोजकीर्द | ५ जानेवारी, दुपारी १:४५

आजच वरिष्ठांना लेखी कळवा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. ३० नोव्हेंबरच्या खेपांचे १४ दिवस कधीच उलटले, १५ डिसेंबरचेही गेले. व्याजाचा निर्णय तुमचा नाही, पण तो ज्यांनी घ्यायचा त्यांच्यापर्यंत तारीखवार आकडा तुम्हीच पोचवू शकता. उशीर कराल तेवढा आकडा वाढतो.

---

विट्याची_लेक | ५ जानेवारी, दुपारी २:०२

काकांशी पूर्ण सहमत. आणि पुरवणी तारखेवरून काढू नका, पावती क्रमांकावरून काढा.

वजन_नोंदी मधल्या ज्या पावत्या बिल_तपशील मध्ये कुठंच नाहीत, त्या:

सिलेक्ट व.पावती_क्र, व.शेतकरी_कोड, व.काटा_वेळ, व.निव्वळ_वजन
फ्रॉम वजन_नोंदी व
व्हेअर व.काटा_वेळ >= '२०२४११०१' अँड व.काटा_वेळ < '२०२५०१०१'
अँड नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम बिल_तपशील ब व्हेअर ब.पावती_क्र = व.पावती_क्र)

तारखेच्या हिशोबातच गोंधळ झालाय, तर दुरुस्ती त्याच फूटपट्टीनं कशाला? कुणाची पावती हातानं आधीच बिलात घेतली असेल तर ती दोनदा जाणार नाही, आणि आपल्या लक्षात न आलेल्या दुसऱ्या कारणानं सुटलेली असेल तर तीही सापडेल. नॉट इन वापरू नका. बिल_तपशील मध्ये एक जरी पावती_क्र नल, म्हणजे न भरलेला, असेल तर नॉट इन एकही ओळ देत नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

पुरवणी निघण्याआधी एक ठरवून घ्या. काटा_वेळ म्हणजे नक्की कुठली वेळ? भरलेल्या ट्रॉलीची की रिकाम्या?

---

काट्यावरचा | ५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

ताई, मी जो प्रश्न टाळत होतो तोच विचारलात.

एका खेपेच्या दोन वेळा असतात. भरलेली ट्रॉली काट्यावर येते ती आवक_वेळ. ऊस उतरवून रिकामी परत काट्यावर येते ती काटा_वेळ, निव्वळ वजन तेव्हा ठरतं आणि पावती फाटते. मधे तासभर सहज जातो, गर्दी असली तर चार तास. ३१ च्या रात्री ११:२० ला भरून आलेली आणि १२:५० ला रिकामी झालेली ट्रॉली आहे. तिची पावती १ जानेवारीची, पण शेतकरी म्हणतो ऊस ३१ ला आणला.

त्यातून आमचा गाळपाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. पाळ्या पहाटे ४ ते १२, दुपारी १२ ते रात्री ८, रात्री ८ ते पहाटे ४. रोजचा गाळप रिपोर्ट ४ ते ४. म्हणून आज बेरजा जुळवायला बसलो तर दुरुस्त क्वेरी लावूनही फरक येतोय.

रात्रपाळीसाठी लिहिलेली क्वेरीही रिकामी येतेय: वेळ बिटवीन '२०:००' अँड '०४:००'.

---

विट्याची_लेक | ५ जानेवारी, रात्री ९:१५

शेवटचं आधी. बिटवीनला लहान टोक पहिलं लागतं. २० पेक्षा मोठी आणि ४ पेक्षा लहान अशी वेळच नसते, म्हणून रिकामं. नुसती वेळ तपासायची तर ऑर लागतो: वेळ >= '२०:००' ऑर वेळ < '०४:००'. इथं कंस विसरू नका. त्याच्या आधी अँड लावून शेतकरी किंवा गट दिला असेल तर अँड आधी बांधला जातो, आणि ४ च्या आतल्या सगळ्या जगाच्या नोंदी येतात.

एका ठरावीक तारखेची रात्रपाळी हवी असेल तर त्याचीही गरज नाही, सरळ रेंज: >= '२०२४१२३१ २०:००' अँड < '२०२५०१०१ ०४:००'.

आता दिवस. तुमच्या कारखान्याचा दिवस ४ ला सुरू होतो तर क्वेरीचा दिवसही ४ ला सुरू व्हायला हवा. पंधरवडा म्हणजे

काटा_वेळ >= '२०२४१२१६ ०४:००' अँड काटा_वेळ < '२०२५०१०१ ०४:००'

आणि दिवसवार बेरीज हवी असेल तर वेळ चार तास मागं नेऊन तारीख काढा: कास्ट(डेटॲड(अवर, -४, काटा_वेळ) ॲज डेट). पहाटे ३:५९ आदल्या दिवसात पडेल, ४:०० नव्या दिवसात.

आवक धरायची की रिकाम्याची, हे एसक्यूएलला विचारून उपयोग नाही. ते कार्यालयानं ठरवायचं आणि एकदा ठरवलं की प्रत्येक रिपोर्टमध्ये तोच कॉलम. दोन रिपोर्टमध्ये दोन कॉलम असतील तर दोन्ही बरोबर असूनही बेरजा कधी जुळायच्या नाहीत.

---

कोयनाकाठ | ६ जानेवारी, सकाळी ९:४०

धागा आवडला. पाटण तालुक्यातला आहे, पावसाच्या आणि पाणीपातळीच्या नोंदींवर काम करतो. "दिवस कधी सुरू होतो" हा आमचा रोजचा प्रश्न, म्हणून लिहितोय.

पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला सुरू होतो. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरचे आकडे पावसाळ्यात पेपरात येतात ते २४ तासांचे, पण मध्यरात्र ते मध्यरात्र नव्हे. ५ ऑगस्टच्या नावावर लागतो तो ४ च्या सकाळी ८:३० पासून ५ च्या सकाळी ८:३० पर्यंतचा पाऊस. साडेआठच का? जागतिक वेळेप्रमाणे तेव्हा ०३:०० वाजतात आणि भारत साडेपाच तास पुढं आहे.

आता सांगलीतल्या आयर्विन पुलाची पातळी घ्या. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे सांगलीकरांना पाठ आहे. ती दर तासाच्या नोंदीत घड्याळाच्या वेळेनं असते. एकानं पाऊस आणि पातळी तारखेवर जोडली, आणि पाऊस पडायच्या आधीच पाणी चढल्यासारखं दिसायला लागलं. ४ च्या दुपारी झालेला पाऊस ५ तारखेच्या नावावर होता ना. जोड तारखेवर नाही, रेंजवर घालायची.

विट्याच्या ताईंचं सुरुवात-धरून-शेवट-सोडून बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. आमच्याकडं ते उलटं करावं लागतं. आपोआप चालणारं पर्जन्यमापक १५ मिनिटांनी नोंद पाठवतं. ८:३० ची जी नोंद येते, तिच्यात ८:१५ ते ८:३० मधला पाऊस असतो. शिक्का मोजणीच्या शेवटचा आहे. त्यामुळे ५ ऑगस्टचा पाऊस:

नोंद_वेळ > '२०१९०८०४ ०८:३०' अँड नोंद_वेळ <= '२०१९०८०५ ०८:३०'

सुरुवात सोडून, शेवट धरून. इथं >= लावलं तर आदल्या दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं आज येतात आणि आजची उद्या जातात. कोयनेच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टच्या पंधरा मिनिटांत काय पाऊस पडतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून टोक लावायच्या आधी वेळ मोजणीच्या सुरुवातीची की शेवटची हे यंत्राच्या माहितीपत्रकात बघायचं.

जागतिक वेळेचं एक उदाहरण देतो, आमच्या घरचं आहे. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४:२१ ला झाला. आमच्याकडं ती तारीख कुणाला विचारावी लागत नाही, आजी त्या दिवशी अजून दिवा लावते. जागतिक भूकंपसूचीत हाच भूकंप १० डिसेंबर १९६७, २२:५१ असा आहे. कॉलम जागतिक वेळेत असताना मी >= '१९६७१२११' अँड < '१९६७१२१२' लावलं, तर तो मोठा धक्काच गायब. नंतरचे लहान धक्के तेवढे आले. क्वेरी चुकलेली नव्हती, दिवस ग्रिनिचचा होता. आपला ११ डिसेंबर तिथं १० च्या १८:३० ला सुरू होतो आणि ११ च्या १८:३० ला संपतो.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन हा प्रकार ठेवला तर आत सगळं जागतिक वेळेत राहतं, दाखवताना ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता'. तिथं 'आयएसटी' असं तीन अक्षरी लिहू नका. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ. एरर येत नाही, साडेतीन तासांचा फरक गुपचूप पडतो.

---

अजिंक्यतारा | ६ जानेवारी, दुपारी १२:०५

ताई, एक शंका. कास्ट(काटा_वेळ ॲज डेट) बिटवीन '२०२४१२१६' अँड '२०२४१२३१' असं केलं तर वेळेचा प्रश्नच मिटतो ना? पहाटे चारचा भाग सोडून द्या.

---

विट्याची_लेक | ६ जानेवारी, रात्री ८:५०

उत्तर बरोबर येतं. प्रश्न ते किती वेळात येतं याचा आहे.

काकांच्या नावावरूनच सांगते. रोजकीर्दीत सगळे व्यवहार तारखेच्या क्रमानं असतात. १६ ते ३१ हवेत म्हटलं की १६ चं पान उघडायचं आणि १ तारीख दिसली की थांबायचं. कॉलमवरचा इंडेक्स तेच काम करतो. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की वहीचा क्रम निरुपयोगी होतो, कारण क्रम काटा_वेळेचा आहे, तुम्ही मागताय त्या रूपाचा नाही. मग पहिल्या पानापासून प्रत्येक ओळ वाचून, बदलून, तपासावी लागते. मायएसक्यूएलमध्ये डेट(कॉलम) आणि ओरॅकलमध्ये ट्रंक(कॉलम) असंच करतात. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये त्या फंक्शनवरच वेगळा इंडेक्स बांधता येतो, पण रेंज लिहिल्यावर त्याची गरज उरत नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेमकं कास्ट ॲज डेट हा अपवाद आहे, तो आतून रेंज करून इंडेक्स वापरू शकतो. तरी सवय लावू नका. चार तास मागं नेणारा डेटॲड त्यात घातला की तो अपवाद संपतो. आणि कन्व्हर्ट करून अक्षरांशी तुलना तर कधीच नको.

गणित कॉलमवर नाही, समोरच्या किमतीवर करायचं. काटा_वेळेतून चार तास वजा करण्याऐवजी तारखेत चार तास मिळवायचे. निवडताना रेंज, बेरजेचे गट पाडताना डेटॲड.

शेतकऱ्याच्या खात्याची यादी काढत असाल तर इंडेक्स (शेतकरी_कोड, काटा_वेळ) या क्रमानं. ही खतावणी झाली: आधी खातं, खात्यात तारखेचा क्रम. उलटा लावला तर अख्ख्या पंधरवड्यातून एका माणसाच्या खेपा वेचाव्या लागतात.

---

रोजकीर्द | ६ जानेवारी, रात्री ९:३०

रोजकीर्द आणि खतावणीवरून इंडेक्स कळला. तीस वर्षं मी तेच करत होतो हे आज समजलं. धन्यवाद, बाळ.

---

हरिपूरकर | ७ जानेवारी, सकाळी ११:१५

आमचं थोडं वेगळं आहे. हळदीच्या सौद्यांच्या जुन्या नोंदी एक्सेलमधून आल्यात आणि तारीख अक्षरांच्या कॉलममध्ये, '१५-०१-२०२५' अशी. १५ जानेवारीपासून पुढचे सौदे मागितले तर ५ फेब्रुवारी येत नाही, आणि गेल्या वर्षीचा २० मार्च येतो. हाफ-ओपन लावूनही तेच.

---

विट्याची_लेक | ७ जानेवारी, दुपारी १:२०

दादा, ती तारीख नाही, अक्षरं आहेत. अक्षरांची तुलना डावीकडून होते. '०५' हे '१५' च्या आधी, '२०' नंतर, वर्षापर्यंत गाडी पोचतच नाही. नवा डेट कॉलम करा आणि एकदाच भरून घ्या: एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्राय_कन्व्हर्ट(डेट, जुनी_तारीख, १०५), पोस्टग्रेसमध्ये टू_डेट, मायएसक्यूएलमध्ये एसटीआर_टू_डेट. ट्राय_कन्व्हर्टला जे जमत नाही तिथं नल येतो, त्या ओळी हातानं बघा.

एक्सेलमधून आलंय म्हणून जास्त काळजी घ्या. संगणक अमेरिकी तारखेवर असेल तर ५ फेब्रुवारीचा २ मे झालेला असतो आणि १३ तारखेपासून पुढच्या तेवढ्या अक्षरं म्हणून सुरक्षित राहतात. हळदीचा हंगाम नसलेल्या महिन्यांत सौदे दिसले तर तिथं आधी बोट ठेवा.

---

काट्यावरचा | ८ जानेवारी, रात्री ११:००

आज कार्यालयात बैठक झाली. ठरलं ते लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

बिल काटा_वेळेवर, म्हणजे रिकाम्या वजनाच्या वेळेवर. दिवस पहाटे ४ ते ४. बिलावर ही ओळ छापायची, म्हणजे ३१ च्या रात्रीची ट्रॉली कुठल्या बिलात येईल ते शेतकऱ्याला आधीच कळेल. मी एकच व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी, साठवून ठेवलेली क्वेरी) केलाय, त्यात गाळप_दिवस नावाचा कॉलम, सगळे रिपोर्ट आता त्यावरून गट पाडतात.

पुरवणी नॉट एक्झिस्ट्सनं काढली. ८६४ ऐवजी ८६७ निघाल्या. जादा तिन्हींचा तारखेशी संबंध नव्हता, शेतकरी कोड नंतर दुरुस्त केलेल्या पावत्या होत्या. ताई, पावती क्रमांकावरून काढा म्हणाला नसतात तर त्या तीन तशाच राहिल्या असत्या. १६ तारखेच्या पहाटे ४ च्या आतल्या खेपा आधीच्या बिलात धरायच्या होत्या आणि नंतरच्यात गेल्या होत्या, त्याही दोनदा गेल्या नाहीत.

व्याजाचा तारीखवार तक्ता लेखी दिला. हाताची वही परत सुरू होतेय. रोज पहाटे ४ ला काट्यावरचा माणूस एकच आकडा लिहील, चोवीस तासांतल्या पावत्यांची संख्या. पंधरवड्याला त्या पंधरा-सोळा आकड्यांची बेरीज आणि बिलातल्या ओळी जुळल्याशिवाय यादी पुढं जाणार नाही.

एक शेवटचं विचारतो. रात्री २ वाजता गाडीतळावर किती ट्रॉल्या उभ्या होत्या हे काढायचंय, वाहतूकदारांची तक्रार आहे.

---

कोयनाकाठ | ९ जानेवारी, सकाळी ८:१०

२ च्या आधी आलेल्या आणि २ पर्यंत बाहेर न पडलेल्या:

आवक_वेळ <= @वेळ अँड (काटा_वेळ > @वेळ ऑर काटा_वेळ इज नल)

इज नल विसरू नका. अजून रिकामी न झालेली ट्रॉली म्हणजेच सगळ्यात जास्त वेळ ताटकळलेली, नेमकी तीच गळेल. १ ते ३ च्या दरम्यान कधीही उभ्या असलेल्या हव्या असतील तर आवक_वेळ < '०३:००' आणि काटा_वेळ > '०१:००' किंवा नल, तारखेसह. पहिल्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाआधी आणि दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या शेवटाआधी, एवढं झालं की दोन कालावधी एकमेकांत अडकले. दोन्ही टोकं मध्ये आहेत का असं तपासत बसलात तर संध्याकाळी ६ ला येऊन पहाटे ५ ला सुटलेली ट्रॉली सापडणार नाही.

---

काट्यावरचा | ४ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

धागा वर काढतोय. १६ ते ३१ जानेवारीची यादी आज लागली. वहीतली बेरीज आणि बिलातल्या ओळी पहिल्याच फेरीत जुळल्या. पहिल्या दिवशी आलेले आप्पा आज परत आले होते, ३१ तारखेची पावती घेऊन. यादीवर बोट फिरवत त्यांनी स्वतः आपली खेप शोधली, रात्री ११:४२ ची. पुरवणीचे पैसेही खात्यावर आले म्हणाले.